कमी पाण्यात अंगणातली बाग कशी जगवायची

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. माणसांच्या पिण्याचीच अशी चणचण असताना जास्वंदीला पाणी घालायचं म्हणजे जिवावर यायचं. तरीही भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी मी रोज एकेका झाडाला घालत होते, आणि झाडं दुपारी माना टाकतच होती. एका सकाळी अर्धी बादली ओतली आणि दहा मिनिटांनी खुरपं घेऊन बुंध्यापासून वीतभर अंतरावर उकरलं. वर दीड इंच चिखल होता. त्याखाली कोरडी ठणठणीत माती, ढेकूळ फोडलं तर बोटांना धूळ लागली. मी रोज पाणी घालत होते आणि ते मुळांपर्यंत जातच नव्हतं. वरचा चिखल दुपारपर्यंत वाळायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या दिवसापासून मी बागेला पाणी देण्याची सगळी रीत बदलली. पुढे लिहिलेलं सगळं लातूरच्या काळ्या मातीत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत करून पाहिलेलं आहे. सोलापूर, बीड, नगर, संभाजीनगर अशा कोरड्या भागात ते जसंच्या तसं लागू पडेल. कोकणात आणि गोव्यात पाऊस भरपूर, पण तिथली जांभी जमीन पाणी धरत नाही, त्यामुळे फेब्रुवारीनंतर तिथेही यातलं बरंच उपयोगी आहे.

आधी मोजा

पाइपने पाणी घालत असाल तर 15 लिटरची बादली पाइपखाली ठेवा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. माझ्याकडे 50 सेकंद लागले. टंचाईच्या आधी मी रोज वीस मिनिटं पाइप धरून उभी राहायचे, म्हणजे 24 बादल्या, 360 लिटर! हा आकडा कळल्यावर पाइप आपोआप हातातून सुटतो.

दुसरी मोजणी मातीची. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळती आहे अशा स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात, तो घरच्या बागेतही तपासता येतो. चार ते सहा इंच खोलीवरची मूठभर माती घ्या आणि घट्ट दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर सहज फुटला, तर वाफसा आहे, पाणी नको. गोळा चिकट होऊन बोटांना लागला तर पाणी जास्त झालंय, मुळांना हवा मिळत नाही. गोळाच झाला नाही, माती भुरभुर सुटली, तर पाणी द्यायची वेळ झाली. कुंडीत मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं तरी पुरतं. वरची माती कोरडी दिसली की पाणी द्यायचं ही सवय सगळ्यात आधी सोडा. मे महिन्यात वरचा अर्धा इंच कायमच कोरडा असतो.

पान दुपारी मलूल दिसलं म्हणूनही धावू नका. भर उन्हात पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं तितक्या वेगाने वर पोचवू शकत नाहीत, म्हणून भोपळ्याची, जास्वंदीची पानं लोंबतात आणि संध्याकाळी ताठ होतात. सकाळी सहा वाजताही पान मलूल असेल, तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे. आणि माती ओली असून पान मलूल असेल तर मुळं सडतायत का ते बघा.

माती: पाण्याची खरी टाकी

काळ्या मातीचे दोन स्वभाव आहेत. ओली झाली की पाणी हळूहळू आत घेते, त्यामुळे जोराने ओतलेलं पाणी वाहून फाटकाबाहेर जातं. आणि वाळली की तिला भेगा पडतात, त्या भेगांतून आतली ओल उडून जाते. पहिल्यावर उपाय म्हणजे पाणी दोन हप्त्यांत देणं. ठरलेल्या पाण्याच्या एक चतुर्थांश आधी द्या, अर्धा तास थांबा, मग बाकीचं. तेवढ्यात पहिलं पाणी मुरतं आणि दुसरं वाहून न जाता खाली उतरतं.

दुसऱ्यावरचा उपाय आपल्या शेतीत जुना आहे: एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी केली की भेगा बुजतात आणि वरचा भुसभुशीत थर खालच्या ओलीवर झाकण घालतो. अंगणात कोळपं नाही, खुरपं आहे. पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा आला की, खुरपणी करा. ओल्या चिखलात खुरपू नका, ढेकळं होतात.

मातीत शेणखत, गांडूळखत, चांगला कुजलेला पालापाचोळा हे दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी मिसळत राहा. चिकण मातीत ते हवा खेळती ठेवतं आणि मुरमाड मातीत पाणी धरतं. परिणाम दिसायला दोन-तीन पावसाळे जातात, पण नंतर तीच माती किती फरक दाखवते! माझ्या मोगऱ्याच्या आळ्यातली माती आता हाताने उकरता येते.

आच्छादन, ज्यावर मी सगळ्यात जास्त भर देते

एक चौरस मीटर जमिनीवरून एक मिलीमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर गेलं. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा सव्वानऊ चौरस मीटरचा भरतो. उघड्या ओल्या मातीतून दिवसाला पाच मिलीमीटर जरी उडालं तरी 46 लिटर, म्हणजे तीन बादल्या, कुठल्याही झाडाच्या मुळाशी न जाता हवेत गेल्या. माती झाकली की यातलं बरंचसं वाचतं. पैसे न लागता एवढा फायदा दुसऱ्या कशात मला दिसलेला नाही.

झाकायला आपल्या भागात सामान कमी नाही. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, कडुनिंबाची पानगळ, नारळाच्या शेंड्या, वाळलेलं गवत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला कडुनिंबाच्या, पिंपळाच्या पानांचे ढीग लागतात आणि लोक ते पेटवतात. मी चार पोती भरून आणते. शेजाऱ्यांनाही आता सांगून ठेवलंय, पानं जाळू नका, मला द्या.

घालायची पद्धत अशी. आधी तण काढा आणि माती खोलवर भिजवा, कारण कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर वरून दिलेलं थोडं पाणी पाचटच पिऊन टाकतं. मग दोन ते तीन इंच जाडीचा थर सारखा पसरा. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. तिथे आच्छादन टेकलं तर साल कुजते आणि वाळवीला वाट मिळते. पानं वाऱ्याने उडत असतील तर वरून थोडं पाणी शिंपडा किंवा वाळक्या काटक्या आडव्या टाका. तण फार असेल तर खाली वर्तमानपत्राचे तीन-चार थर अंथरा. दर दीड-दोन महिन्यांनी थर बसतो, खालचा कुजतो, वर नवा घाला. पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, उन्हाळ्यात विंचू गारव्याला येऊन बसतात.

कुंडीतही हेच, फक्त थर एक-दीड इंचाचा. शेंड्या कातरून घातल्या की दिसायलाही चांगल्या दिसतात.

पाणी कुठे घालायचं

बहुतेक जण बुंध्यावर पाणी घालतात. मोठ्या झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्या थोडी बाहेर असतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते तिथे आळं हवं.

लिंबाच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे. आमच्या लिंबाच्या खोडातून मध्यंतरी तपकिरी डिंक गळायला लागला, साल सुटायला लागली. हा डिंक्या. बुंधा सतत ओला राहिला की तो बळावतो. यावर लिंबू-संत्र्याच्या बागांतली दुहेरी आळ्याची पद्धत करा. बुंध्याभोवती हातभर अंतरावर मातीचा एक बांध घाला, त्याच्या आतली माती खोडाकडे चढती ठेवा. दुसरा बांध फांद्यांच्या घेराच्या कडेला. पाणी फक्त या दोन बांधांच्या मधल्या कड्यात. खोड कोरडं राहतं आणि पाणी नेमकं मुळांवर पडतं. मी डिंक असलेली साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली आणि आळं बदललं, झाड वाचलं.

किती दिवसांनी पाणी द्यायचं याचं उत्तर वाफसा देईल, पण अंदाज म्हणून सांगते. पहिल्या वर्षातल्या रोपाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी. तीन वर्षांपुढच्या लिंबू, पेरू, पारिजातक, चाफा यांना आच्छादन असेल तर आठ-दहा दिवसांनी, पण तेव्हा भरपूर, फूटभर खोल ओल जाईल इतकं. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच्या थरातच पसरतात आणि एक दिवस चुकला तरी झाड सुकतं. खोल पाण्याची सवय एकदम लावू नका, हिवाळ्यापासून अंतर एकेक दिवसाने वाढवत न्या.

वेळ पहाटेची, ऊन चढायच्या आत. ते जमत नसेल तर सूर्यास्तानंतर. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की संध्याकाळच्या पाण्याने बुरशीची भीती फारशी नाही. फक्त पानांवर फवारा नको, पाणी मातीला द्या.

मडक्याचं सिंचन

भाजीच्या वाफ्यासाठी मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. मातीचं बिनरंगी मडकं जमिनीत पुरायचं, त्यात पाणी भरायचं. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं, आणि भोवतालची माती जितकी कोरडी तितकं जास्त झिरपतं. माती ओली झाली की झिरपणं मंदावतं. म्हणजे किती पाणी सोडायचं ते मातीच ठरवते.

कुंभाराकडून पाच ते सात लिटरचं, चांगलं भाजलेलं पण रंग किंवा चकाकी न लावलेलं मडकं आणा. घरी आणल्यावर भरून तासाभराने बाहेरून हात फिरवा. अंग दमट लागलं पाहिजे. धार लागत असेल तर तडा आहे, परत करा. फूट-दीड फूट रुंद खड्डा करून मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंड जमिनीच्या बोटभर वर राहू द्या, नाहीतर पावसात माती आत जाते. भोवती खत मिसळलेली माती हाताने घट्ट दाबा. मडकं आणि माती यांत पोकळी राहिली तर पाणी पुढे सरकत नाही, नवख्यांचं काम इथेच बिघडतं. पहिल्यांदा भरून एक दिवस थांबा, मग मडक्यापासून सहा ते आठ इंचांवर गोलाकार बिया किंवा रोपं लावा. एका मडक्याभोवती दोडका, काकडी, दुधी यांचे तीन-चार वेल, किंवा पाच-सहा टोमॅटो. तोंडावर झाकण हवंच, पाणी उडू नये म्हणून आणि डास होऊ नयेत म्हणूनही. बी रुजेपर्यंत वरून थोडं पाणी द्यावं लागतं, मुळं मडक्यापर्यंत पोचली की ते बंद. मे महिन्यात माझं मडकं तीन दिवसांनी भरावं लागतं, हिवाळ्यात आठवड्याने.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्यातले क्षार एक-दोन वर्षांत मडक्याची छिद्रं बुजवतात. बाहेरून पांढरी पुटं दिसली की काढून काथ्याने घासा. तरी झिरपेना तर नवं आणा.

कुंड्यांसाठी संक्रांतीची सुगडी वापरा. वाणाचं झालं की ती बहुतेक घरांत कोपऱ्यात पडून राहतात. रंग लावलेली नकोत, साधी लाल घ्या. बारा इंची कुंडीत एक सुगड गळ्यापर्यंत पुरायचं, रोज सकाळी भरायचं, वर पणती उलटी घालून झाकायचं. अक्षय्य तृतीयेचा करा (मातीचा घडा) असेल तर मोठ्या कुंडीला तो उत्तम.

ठिबक

पंचवीस-तीसहून जास्त कुंड्या असतील तर ठिबक बसवा. 16 मिलीमीटरची मुख्य नळी, प्रत्येक कुंडीकडे जाणारी बारीक नळी, ताशी 2 लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारा ड्रिपर, सुरुवातीला जाळीचा फिल्टर आणि शेवटी काढता येणारं बूच. एवढंच सामान लागतं, शेतीच्या दुकानात सुटं मिळतं. नळ्या बसवण्याआधी उन्हात तासभर ठेवा, मऊ पडतात.

गच्चीवरच्या टाकीतून जोडलं तर दाब कमी मिळतो आणि ड्रिपरवर लिहिलेलं पाणी पडत नाही. म्हणून एक ड्रिपर पेल्यात सोडून पंधरा मिनिटं मोजा. ताशी 2 लिटर खरे असतील तर अर्धा लिटर भरेल. माझ्याकडे त्याच्या निम्मंच भरतं, म्हणून मी अर्धा तास चालवते. टाकीपासून सगळ्यात लांबच्या कुंडीतही मोजा, तिथे कमी पडत असेल तर नळीचे दोन फाटे करा. दर पंधरा दिवसांनी शेवटचं बूच काढून नळी धुऊन जाऊ द्या. क्षाराने तुंबलेले ड्रिपर लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवले की बहुतेक मोकळे होतात.

कुंड्यांसाठी आणखी दोन गोष्टी. तापलेल्या स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली विटा द्या. आणि उन्हाळ्याचे तीन महिने कुंड्या एकमेकींना चिकटवून, मोठ्या झाडांच्या सावलीत छोट्या अशा एकत्र ठेवा, वर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

घरातलं कुठलं पाणी चालतं

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी डोळे झाकून घाला. बिनमिठाचं उकडलेलं पाणी गार करून. एसीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असतं, कुंड्यांना छान. माशांच्या टाकीतलं पाणी तर खतच.

आरओचं सोडलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त खारट असतं. ते फरशी पुसायला वापरा. बागेला घालायचंच तर साध्या पाण्यात मिसळून, जमिनीतल्या मोठ्या झाडांना, आणि कुंड्यांना मुळीच नाही. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणीही तसंच, पाणी उडून क्षार मागे राहिलेले असतात.

कपडे धुतलेल्या पाण्याबद्दल मी कडक आहे. साबणाच्या भुकटीतला सोडियम काळ्या मातीत साठला की माती चोपण होते, पाणी आत घेईनाशी होते. पहिलं साबणाचं पाणी नकोच. शेवटचं विसळलेलं पाणी नारळ, बोगनवेल, कण्हेर अशांना आळीपाळीने चालेल, पालेभाजीला नाही. बाथरूमचं पाणी बागेकडे वळवायचं असेल तर आधी दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात खाली मोठी खडी, वर बारीक खडी, वर जाड वाळू भरा आणि त्यात कर्दळ लावा. त्यातून निघालेलं पाणी केळीला द्या. असं पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका, वास सुटतो.

काय लावायचं

हिरवळ कमी करा, हे मी स्पष्टच सांगते. पाहुण्यांना दाखवायला केलेली पाच-सातशे चौरस फूट लॉन आमच्या भागात जेवढं पाणी पिते तेवढ्यात लिंबू, शेवगा, कढीपत्ता, सीताफळ आणि भाजीचे दोन वाफे निघतात. मुलांना खेळायला जागा हवी असेल तर आपली हरळी ठेवा. उन्हाळ्यात पिवळी पडेल, पहिल्या पावसात हिरवी होईल.

फुलांत बोगनवेल, सदाफुली, चाफा, तगर, पारिजातक, ऑफिस टाइम ही कमी पाण्यावर भागणारी. कण्हेरही चिवट आहे, पण विषारी, लहान मुलं आणि जनावरं असलेल्या घरात नको. फर्न, अँथुरियम, हायड्रेंजिया यांचा मोह झालाच तर बाथरूमच्या खिडकीत एखादी कुंडी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तहानेप्रमाणे गट करा. कोरफड आणि पुदिना एका वाफ्यात लावले तर एकाच्या पाण्याने दुसरं मरतं.

पावसाचं पाणी

शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. वाया जाणारं धरून ऐंशी मोजा. वर्षाला 600 मिलीमीटर पाऊस पडला तरी 48 हजार लिटर हाती येतात. एवढी टाकी कुणाकडे नसते, म्हणून ते जमिनीतच ठेवायचं. गच्चीचा पाइप गटारात सोडलेला असेल तर तो बागेकडे वळवा, पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी बाहेर जाऊ द्या. वाफे वाटेपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा. आपल्याकडे विटा लावून वाफे उंच करायची आवड आहे, त्याने पाणी वाटेवर उतरतं. भिंतीच्या पायापासून मात्र दहा फूट तरी लांब मुरवा. एक 200 लिटरचा ड्रम, तोंडाला मलमल घट्ट बांधून, पाइपखाली ठेवला तर पावसाच्या उघडिपीत कुंड्यांची सोय होते.

गावाला जाताना

मे महिन्यात आठ दिवस बाहेर जायचं असेल तर आदल्या आठवड्यातच तयारी लागते. फुलं, कोवळे शेंडे, जास्तीची पानं छाटा, पानं कमी म्हणजे पाणी कमी. छोट्या कुंड्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा आणि सगळ्या सावलीत एकत्र आणा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलेल्या कुंड्यांना हे जरूर करा, कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं. मधोमध पाण्याची बादली उंचावर ठेवून त्यातून सुती कापडाच्या जाड वाती एकेका कुंडीत दोन इंच खोल खोचा. निघायच्या दोन दिवस आधी वाती लावून बघा. काही वाती फार ओढतात, काही अजिबात नाही, तेवढ्यात फरक करता येतो.

मृगाचा पहिला पाऊस नीट पडला की ठिबक बंद करा. दर वर्षी कुणाकडे तरी पावसात ठिबक चालू राहतं आणि कुंड्या सडतात. सुगडी आणि मडकी रिकामी करून बाहेर काढा, घासा, पालथी घालून वाळवा. ड्रिपर धुऊन पिशवीत घाला. आच्छादन तसंच राहू द्या, ते पावसात कुजेल, आणि ऑक्टोबरमध्ये ऊन तापायला लागलं की नवा थर घालायला पोती तयार ठेवा.